केळी दारात आणि शेक हॉटेलात?

रावेर तालुक्यातल्या एका मावशींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"नमस्कार ताई. घरामागेच आमची केळीची बाग आहे. पुण्याचा नातू सुट्टीत महिनाभर येतो, यंदा नऊ वर्षांचा झाला. जळगावला लग्नाला गेलो होतो, तिथे त्याने हॉटेलात फळ आणि बिस्किटं घातलेला मिल्कशेक प्यायला. तेव्हापासून रोज तेच मागतो. मी तीनदा करून पाहिला. पहिल्यांदा शहाद्याच्या लेकीने पाठवलेल्या पपईचा केला. तो झोपून उठेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवला, तर कडू झाला आणि फाटल्यासारखा दिसायला लागला. दुसऱ्यांदा केळं घेतलं, बर्फ घातला. पाणचट झाला, बिस्किटांचा लगदा तळाशी बसला. तिसऱ्यांदा चांगलं सायीचं दूध घेऊन बराच वेळ फिरवलं, तर वर लोण्याचे कण आले आणि लसणाचा वास यायला लागला. नातू म्हणाला, 'आजी, राहू दे, हे शिकरण आहे.' जाऊबाई म्हणतात, केळं आणि दूध एकत्र घेऊच नये. दारात घड लोंबताहेत आणि पोरगं शेकासाठी हॉटेलची वाट धरतं, याचं मले लई वाईट वाटतं. माझं काय चुकतंय? यांना साखर आहे, त्यांना घोटभर दिला तर चालेल का, तेही सांगा."

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तिन्ही वेळी तुमच्या हाताचं काही चुकलेलं नाही. प्रत्येक वेळी एकेक बारीक कारण आड आलं, आणि तीनही कारणं घरच्या घरी दूर होणारी आहेत. वाईट तर मुळीच वाटून घेऊ नका. ज्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती तुमच्या मागच्या दारी आहे. हॉटेलवाल्याला ती विकत आणावी लागते.

आधी लसणाचं बोलते, कारण तो घाव मी स्वतः खाल्ला आहे. भाचीच्या वाढदिवसाला आंब्याचा शेक केला होता. रंग असा की बघत राहावं, आणि पहिल्याच घोटाला शेंगदाण्याच्या चटणीचा लसूण. पोरांनी ग्लास तसेच खाली ठेवले. भांडं मी दोनदा घासलं होतं. वास भांड्यात नव्हताच, तो झाकणाच्या आतल्या रबरी कड्यात होता. आपल्या खानदेशात मिक्सर म्हणजे ठेचा, काळा मसाला, लसणाची चटणी. ते कडं हा वास धरून बसतं आणि थंड दूध त्याला लगेच उचलतं. कडं चमच्याच्या दांड्याने बाहेर काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवा, घासा आणि सकाळी उन्हात ठेवा. भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाका, पात्याखालचं तेल त्या पिठाला लागून निघून येतं. जमलं तर दुधाच्या कामाला एक लहान भांडं वेगळंच ठेवा. मी तेव्हापासून तसंच करते.

आता पपई. शहाद्याकडची पपई गोड असते, त्यात वाद नाही. पण पपईत पपेन नावाचं द्रव्य असतं आणि ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. कडवटपणा येतो तो त्या तुकड्यांचा. पिकलेल्या फळात ते कमी असतं, तरी संपलेलं नसतं. म्हणून पपईचा शेक केला की उभ्या उभ्या प्यायचा. तुम्ही तो नातू उठेपर्यंत ठेवलात, तेवढ्या वेळात पपेनने आपलं काम केलं. अननसाचंही तसंच, त्यातलं द्रव्य वेगळं पण करणी तीच, शिवाय आंबटपणा वेगळा. लेकीने पाठवलेली पपई तशीच कापून द्या, शेकाच्या वाटेला नेऊ नका.

केळ्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण सगळी किल्ली तिथेच आहे.

हॉटेलातला शेक घट्ट लागतो तो आइस्क्रीममुळे. ते दोन-तीन गोळे टाकतात, मग कोणतंही फळ चालतं. घरी आपण त्याऐवजी बर्फ टाकतो आणि तिथेच फसतो. बर्फ म्हणजे पाणी. शंभर ग्रॅम बर्फ वितळला की दुधात अर्धी वाटी पाणी ओतल्यासारखंच झालं. तुमचा दुसरा शेक पाणचट झाला तो यानेच. बर्फाऐवजी केळंच गोठवायचं. केळ्याच्या गरातलं पाणी साखरेत आणि गराच्या चिकटपणात अडकलेलं असतं, म्हणून गोठलं तरी त्याचे मोठे खडे होत नाहीत, आणि फिरवल्यावर लोण्यासारखा मऊ, जाड गोळा होतो. पहिल्यांदा केलं तेव्हा भांड्याचं झाकण उघडून मी बघतच राहिले, आत न घातलेलं आइस्क्रीम दिसत होतं.

पण केळं कोणतं घ्यायचं, हे महत्त्वाचं. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट असतं, ते पूर्ण पिकेपर्यंत एक-दोन टक्क्यांवर येतं आणि बाकीच्याची साखर होते. गाडीत भरायचा माल हिरवा कापतात, कारण तो दिल्लीला पोहोचून तिथे पिकवायचा असतो. त्यातलं अर्धवट पिवळं झालेलं केळं शेकात घातलं तर जिभेवर तुरटपणा राहतो आणि वरून साखर घालावी लागते. तुम्ही घडाची एखादी फणी घरी ठेवा, गोणपाटाखाली झाका, जवळ एक पिकलेलं केळं ठेवा. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्याने शेजारची केळीही पिकतात. घाई म्हणून कार्बाइडच्या पुडीला हात लावू नका, त्याने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. आणि पिकायच्या आधी फणी फ्रीजमध्ये ठेवू नका. साधारण १३ अंशांच्या खाली कच्च्या केळ्याला थंडी बाधते, साल काळी पडते आणि आतलं फळ नीट पिकतच नाही.

शेकाचं केळं ते, ज्याच्या पिवळ्या सालीवर तपकिरी ठिपके उमटलेत आणि देठाशी हिरवं उरलेलं नाही. ठिपकेदार म्हणून पोरं जे बाजूला सारतात, तेच. ते सोला, बोटाच्या पेराएवढ्या चकत्या करा, आणि एक गोष्ट विसरू नका: चकत्या ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरून फ्रीजरमध्ये ठेवा. कडक झाल्या की मग डब्यात भरा. सरळ डब्यात भरल्या तर सगळा एक दगड होतो आणि तो फोडायला बत्ता लागतो. सोलल्यावर लगेच गोठवल्या तर काळ्याही फारशा पडत नाहीत. लिंबू लावायच्या भानगडीत पडू नका, पुढे दूध यायचं आहे. रात्री ठेवल्या की सकाळी तयार. लाइट चार तास गेली तरी फ्रीजर न उघडता राहिला तर चकत्या टिकतात.

दुधाचं. म्हशीचंच घ्या, त्यात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दीडपट-दुपटीचा असतो, शेकाला त्याने अंग येतं. तापवून, गार करून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेलं असू द्या. मात्र वरची साय काढून घ्या. तुम्ही प्रेमाने सायीचं दूध घेतलंत आणि बराच वेळ फिरवलंत, मावशी, म्हणजे नकळत ताकच घुसळलंत. धड थंड नाही, धड कोमट नाही अशा दुधात साय घुसळली की लोणी सुटतं, हे तुम्हाला मी काय सांगावं! दूध कडक थंड हवं आणि एकूण फिरवणं एका मिनिटाच्या आत आटपायला हवं.

दोन मोठ्या ग्लासांना दोन केळ्यांच्या गोठवलेल्या चकत्या आणि दीड वाटी, म्हणजे सुमारे ३०० मिली दूध. चकत्या फ्रीजरमधून काढून पाच मिनिटं बाहेर ठेवा. भांड्यात चकत्या घाला, वर फक्त चतुर्थांश दूध. सगळं दूध आधी ओतलं तर चकत्या वर तरंगतात, पातं खाली नुसतं दूध फेसाळत राहतं. थोड्या दुधात आधी जाड गोळा होऊ द्या. मिक्सर अडतोय, आवाज जड येतोय असं वाटलं तर लगेच बंद करा, चमच्याने कडेचं खाली ढकला, दोन चमचे दूध वाढवा. मोटारीचा जळका वास येईपर्यंत रेटू नका. गोळा मऊ झाला की उरलेलं दूध घालून दहा-पंधरा सेकंद फिरवा. चिमूटभर वेलदोडा, आणि विश्वास ठेवा, चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ. त्याने गोडी उघडते. साखर अजून घालू नका, बिस्किटं यायची आहेत.

बिस्किटांचा लगदा का झाला? कारण ती सुरुवातीलाच पडली. बिस्कीट म्हणजे भाजलेला मैदा, दूध मिळालं की तो शोषून फुगतो. चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट कपात गळून पडतं ना, तसंच भांड्यात होतं, फक्त दिसत नाही. म्हणून बिस्कीट सगळ्यात शेवटी आणि दोन भागांत. पुड्यातली चार-पाच बिस्किटं स्वच्छ फडक्यात गुंडाळा, वरून लाटणं फिरवा. पीठ करू नका, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे राहू द्या. अर्धे तुकडे भांड्यात घालून मिक्सरचं बटण डावीकडे फिरवायचं आणि सोडायचं, असं दोनदाच. उरलेले अर्धे ग्लासात ओतल्यावर वरून. ते वरचे तुकडे दाताखाली कुरकुरले पाहिजेत, पोरं हॉटेलात त्यासाठीच जातात. ग्लास हातात दिल्यापासून दहा मिनिटांत संपला पाहिजे, त्यानंतर वरचेही मऊ पडतात.

कोणतं बिस्कीट? नातवाच्या मनातलं बहुधा ते काळं क्रीमचं असणार. ओरिओ अमेरिकेत १९१२ सालचं जुनं, आपल्याकडे आलं २०११ साली, आणि त्यानंतर पोरांना शेक म्हटलं की तेच आठवायला लागलं. ते घेणार असाल तर आतलं पांढरं क्रीम सुरीच्या उलट्या बाजूने खरवडून केळ्याच्या गोळ्यातच फिरवा. नाहीतर थंड दुधात त्याच्या मेणासारख्या गुठळ्या राहतात. काळ्या चकत्या मात्र शेवटीच. ग्लुकोज बिस्कीट सगळ्यात लवकर विरघळतं, ते फक्त वरून घालायला बरं.

पण माझं मन विचाराल तर मी नानकटाई घेते. दिवाळीआधी आपल्याकडे बाया तूप, मैदा, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावतात, ती नानकटाई. तिच्यात तूप भरपूर, म्हणून दूध लगेच आत शिरत नाही आणि तुकडा बराच वेळ खुसखुशीत राहतो. केळं, वेलदोडा आणि नानकटाई यांचं इतकं छान जुळतं की काळ्या बिस्किटाची आठवण येत नाही. नातवाला पहिल्या दिवशी त्याच्या आवडीचं द्या. दुसऱ्या दिवशी न सांगता नानकटाईचा द्या, आणि त्याचं तोंड बघा.

बाकी फळांत आंबा चालतो, पण रस आधी चाखा. आंबट निघाला तर दूध फाटेल. चिकू उत्तम. सीताफळाचा शेक फार सुंदर होतो, मात्र बिया एकेक करून हाताने काढायच्या, पात्याखाली एकही जाता कामा नये, त्या पोटाला घातक असतात.

जाऊबाईंचं म्हणणं मी मोडून काढणार नाही. आयुर्वेदात दूध आणि केळं विरुद्ध आहारात सांगितलं आहे आणि काही घरांत ते कसोशीने पाळतात. तसंच हेही खरं, की मराठी घरांत पोळीबरोबर शिकरण पिढ्यान्‌पिढ्या वाढलं गेलं आहे. तुमच्या घरी आजवर शिकरण होत असेल आणि नातवाला ते सोसत असेल, तर शेक वेगळा काही करणार नाही. त्याला दमा असेल, दुधाने पोट बिघडत असेल, तर त्याच्या आईला आधी विचारा. आणि जाऊबाईंना त्यांच्या ग्लासात दूध न घालता नुसता गोठवलेल्या केळ्याचा गोळा फिरवून द्या, वर नानकटाईचा चुरा. त्यांचंही मन राखलं जाईल.

काकांना साखर आहे असं लिहिलंत. त्यांना हा देऊ नका. पिकलेलं केळं, दूध आणि बिस्कीट, तिन्हीकडून साखर येते, आणि घोटभर म्हणता म्हणता ग्लास होतो. त्यांना केळं किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. शेकाच्या वेळेला त्यांच्या हातात जिरं घातलेलं गार ताक ठेवा, म्हणजे एकट्यालाच काही मिळालं नाही असं व्हायला नको. नातवालाही रोज नको, मावशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरं. मोठ्या माणसाला ते पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. मुलाला त्याहून कमी. पाच-सहा ग्लुकोज बिस्किटांतच दोनेक चमचे निघून जातात, क्रीमच्या बिस्किटांत जास्त. पुड्यामागे दर १०० ग्रॅमला साखर किती ते छापलेलं असतं, चष्मा लावून एकदा बघाच. म्हणून आठवड्यातून दोनदा ठरवा आणि वरून साखर अजिबात नको. ठिपकेदार केळं असेल तर ती लागतही नाही.

एक अडचण तुम्ही लिहिली नाहीत, पण मला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि नेमकी दुपारी लाइट जाते. मिक्सरचं तळाशी पातं असलेलं भांडं मुळात दुधाच्या पेयांसाठीच निघालं, १९२२ साली अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की नावाच्या माणसाने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण त्याआधीही लोक दूध घुसळतच होते. तुमच्याकडे पुरणयंत्र असेलच. फ्रीजरमधल्या चकत्या दहा मिनिटं बाहेर ठेवून जरा नरमल्या की पुरणयंत्रातून काढा, गर रेशमासारखा उतरतो. तो खोल पातेल्यात घ्या, पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवा, थोडं थोडं दूध घालत रवीने घुसळा. रवी नातवाच्याच हातात द्या. दोरी ओढायला त्याला आवडेल, आणि फेस येईपर्यंत तो हलणार नाही. त्या फेसावर बिस्किटाचे तुकडे घातले की बुडत नाहीत, वरच राहतात.

आणि जास्त झाला तर झाकून ठेवू नका, अर्ध्या तासात रंग काळपट होतो. कुल्फीच्या साच्यात आधी बिस्किटाचा चुरा घाला, वर शेक ओता, काडी खोचून फ्रीजरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी साचा क्षणभर पाण्यात धरून उलटा करा. चुरा टोकाशी आलेला असेल, नातवाचा पहिला घास तोच.